आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि गावात न मिळणारा कारागीर : विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय, अप्रेंटिस आणि सहा महिन्यांचं 'कार्य प्रशिक्षण' हे सगळं एकच आहे का?

नाही. ही गल्लत पोराचं एक वर्ष खाऊन जाते.

आयटीआय ही शाळा. तिथं एक किंवा दोन वर्षं ट्रेड शिकायचा, परीक्षा द्यायची आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र घ्यायचं. अप्रेंटिसशिप, म्हणजे सरकारी भाषेत शिकाऊ उमेदवारी, १९६१ च्या कायद्याखाली कारखान्याशी केलेल्या करारावर चालते. मुदत ६ ते ३६ महिने. आयटीआय पास पोरांना बहुतेक ट्रेडमध्ये एक वर्ष लागतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते आणि ती पास झाल्यावर वेगळं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

तिसरी गोष्ट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये राज्य सरकारनं ती आणली तेव्हा मुदत सहा महिने होती. विद्यावेतन महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. अप्रेंटिसपेक्षा हजार रुपये जास्त दिसतात म्हणून फिटर झालेला पोरगा पंचायत समितीत फाइली लावायला जातो. पैसे मिळतात, पण ट्रेडची परीक्षा नाही आणि ते दुसरं प्रमाणपत्रही नाही. हातात ट्रेड असेल तर आधी अप्रेंटिसशिप करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दहावीत दोन विषय राहिले. आयटीआय मिळेल का?

मिळेल. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम असे काही ट्रेड दहावी पास नसलेल्यांनाही खुले असतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, मेकॅनिक डिझेल, कोपा (कॉम्प्युटर चालवण्याचा ट्रेड) यांना मात्र दहावी पास लागते. वयाची खालची अट १४ वर्षं, वरची अट नाही. त्यामुळे तिशीतला माणूसही बाकावर बसू शकतो.

कोणता ट्रेड घ्यावा?

दरवर्षी आधी इलेक्ट्रिशियन भरतो, मग फिटर आणि डिझेल. प्लंबर, गवंडीकाम, शीट मेटलच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत राहतात. पालक 'लाइनमनची भरती निघते' या एकाच हिशेबावर चालतात. भरती निघते हे खरं, पण एका जागेमागे अर्ज किती असतात तेही बघा.

त्यापेक्षा घरापासून पन्नास किलोमीटरच्या टापूत कोणती यंत्रं चालतात याची यादी करा. वणी, घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळसा खाणी, वीजकेंद्र, सिमेंट आणि कागद कारखाने आहेत. तिथं फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि जड वाहनांचा मेकॅनिक चालतो. गोंदिया-भंडाऱ्यात राइस मिल आहेत, अकोल्यात दाल मिल, यवतमाळ-वर्ध्यात जिनिंग-प्रेसिंग. या तिन्ही धंद्यांना बेअरिंग, पट्टा, शाफ्ट आणि मोटर कळणारा माणूस लागतो, म्हणजे फिटर किंवा इलेक्ट्रिशियन. गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे वेल्डर आणि मेकॅनिकची विचारणा वाढली आहे. आणि ट्रॅक्टर, थ्रेशर, सोलर पंप तर प्रत्येक तालुक्यात आहेत. मेकॅनिक ट्रॅक्टर आणि सोलर टेक्निशियन हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, पण शिकवले जातात मोजक्याच आयटीआयत.

चष्मा असलेल्या किंवा रंग नीट न ओळखणाऱ्या मुलाची डोळे तपासणी आधी करून घ्या. रेल्वे, खाण आणि वीजकंपन्या वैद्यकीय तपासणीत अडवतात, तेही सगळं शिक्षण झाल्यावर.

प्रवेश अर्जात नेमकं कुठं चुकतं?

राज्याची प्रवेश प्रक्रिया ऑनलाइन आणि गुणवत्तेवर चालते. अर्ज भरणं, कागद दाखवून अर्ज निश्चित करणं, विकल्प भरणं आणि मग फेऱ्या, असा क्रम असतो. चुका त्याच त्या होतात.

सायबर कॅफेत अर्ज भरला की काम झालं असं वाटतं. आयटीआयत जाऊन मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित केला नाही, तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. जातीचा दाखला असतो पण नॉन-क्रीमिलेअर जुनं झालेलं असतं. ऐन जूनमध्ये सेतूत गर्दी, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा दिला तर फेरीचा निरोप त्याला जातो.

सगळ्यात मोठी चूक विकल्पांत. 'भरायचं म्हणून' नको असलेला ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाकला आणि पहिल्या फेरीत तोच लागला, तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला विकल्प खरोखर हवा तोच लिहा, मागून सुरक्षित विकल्प भरपूर लिहा.

खासगी आयटीआय घेत असाल तर एकच प्रश्न विचारा : हा ट्रेड आणि ही तुकडी एनसीव्हीटी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद, संलग्न आहे का? संस्था संलग्न असते आणि नवी तुकडी नसते, असंही होतं.

आयटीआयत रोज गेलो तरी हात बसत नाही, असं का म्हणतात?

बऱ्याच ठिकाणी निदेशकांची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांची, पदं रिकामी आहेत. एक निदेशक दोन तुकड्या बघतो आणि लेथ पाच असले तर चालू दोन असतात. तक्रार रास्त आहे. पण हजेरी लावून निघून जाणारी पोरंही कमी नाहीत. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी आणि प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के गुण लागतात, हे शेवटच्या महिन्यात आठवतं.

कंपनीत निवड करणारा फोरमन गुणपत्रिका फार बघत नाही. समोर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, आणि लोखंडाचा तुकडा ठेवतो. समजा मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडे २३ मिमी दिसतात आणि व्हर्निअरची १७ वी रेघ जुळते. लघुतम माप ०.०२, म्हणजे १७ गुणिले ०.०२ बरोबर ०.३४, वाचन २३.३४. इथवर बरेच जण येतात. मग तो विचारतो, 'जबडे मिटवून बघितलं होतं का?' मिटवल्यावर ०.०४ जास्त दाखवत असेल तर खरं माप २३.३०. हे न विचारता स्वतःहून जबडे मिटवून बघणारा पोरगा तिथंच निवडला जातो.

वेल्डरकडून ३.१५ मिमी रॉडनं बट जोड मागतात. पावसाळ्यात ओलसर रॉड तसाच लावला की जोडात भोकं पडतात. साधा ६०१३ रॉड तासभर १००-१२० अंशांवर सुकवला तरी काम होतं. ७०१८ ला ३०० अंशांच्या पुढं भट्टी लागते. पाकीट उघडं ठेवून सायंकाळी घरी जाणं ही सवय आयटीआयतच लागते आणि तिथंच मोडावी लागते.

अप्रेंटिसशिप विदर्भात कुठं मिळते?

महावितरणची मंडल कार्यालयं, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि पारसची वीजकेंद्रं, वेस्टर्न कोलफिल्ड्स, भद्रावती, अंबाझरी आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणी, नागपूरची रेल्वे, मॉयल (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी), एसटीच्या विभागीय कार्यशाळा इथं जाहिराती निघतात. खासगीत बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी, चंद्रपूरचा सिमेंट पट्टा. सरकारी ठिकाणी निवड बहुतेक गुणांवर होते आणि स्थानिक, प्रकल्पग्रस्त यांचे नियम जाहिरातीत दिलेले असतात. खासगीत गेटवर जाऊन विचारलं तरी काम होतं. एचआरला भेटायचं, बायोडाटाची प्रत आणि अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक द्यायचा. आयटीआयतल्या रोजगार मेळाव्यात कंपन्या येतात, तिथंही हाच क्रमांक मागतात.

'दहा हजार द्या, अप्रेंटिस लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. नोंदणीला आणि करारासाठी पैसे लागत नाहीत.

नोंदणी कशी करायची? कागद कोणते?

केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर उमेदवार म्हणून नोंद करायची. लागतं काय : आधार, दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका, फोटो, बँक पासबुक, चालू मोबाइल आणि ईमेल. कंपनी निवड करते, पोर्टलवर करार तयार होतो, तुम्ही तो मान्य करता. १८ पेक्षा कमी वय असेल तर पालकांची सही लागते. करार नोंदला गेल्यावर त्याला क्रमांक पडतो. तो क्रमांक मिळेपर्यंत तुम्ही कायद्यानं अप्रेंटिस नाही, गेटपास असला तरीही.

अडकतं ते नावात. दहावीच्या सनदेवर 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव', आधारवर 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' आणि आयटीआयत वडिलांचं नावच गळालेलं. जन्मतारीख एका दिवसानं वेगळी असली तरी ई-केवायसी थांबते. आधार दहावीच्या कागदाप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलट करायला जाऊ नका. बोर्डाकडची दुरुस्ती लांबते.

महिन्याला ७,००० विद्यावेतन सांगितलं होतं, कंपनीनं ५,५०० च टाकले. फसवलं का?

बहुधा नाही. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावी पासला ६,०००, आयटीआयला ७,०००, पदविकेला ८,००० आणि पदवीधराला ९,००० ठरलं. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के वाढ. करार होईल त्या दिवशी लागू असलेल्या दरापेक्षा कमी आकडा करारावर नसावा.

शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या आस्थापनेत यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं आणि २०२३ पासून थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. म्हणून कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५००. सरकारचा वाटा पासबुकवरच्या खात्यात जाईलच असं नाही, तो आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातो. शाळेत शिष्यवृत्तीसाठी किंवा पीएम-किसानसाठी उघडलेलं कुठलं तरी जुनं खातं आधारला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडं पडून राहतात. आधी बँकेत विचारा, 'माझं आधार कोणत्या खात्याला सीड आहे?' कंपनीशी भांडण त्यानंतर.

कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. पीएफची कपात अप्रेंटिसला लागत नाही.

तास, सुट्ट्या, अपघात यांचं काय?

अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नाही, शिकणारा आहे. तरीही कारखान्यांसाठीचे आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाचे नियम त्याला लागू आहेत. तास आणि सुट्ट्या त्या आस्थापनेप्रमाणे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय ओव्हरटाइम घेता येत नाही. कामावर इजा झाली तर मालकानं नुकसानभरपाई देणं बंधनकारक आहे. म्हणून अपघात झाल्या दिवशीच रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. 'दवाखान्याचा खर्च देतो, नोंद नको' हे ऐकू नका. बोट गेल्यावर नोंद नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

सहा महिने झाले, फक्त माल उचलायला लावतात. करायचं काय?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि खोटी नसते. ठेकेदाराचा माणूस महाग पडतो, अप्रेंटिस स्वस्त पडतो, एवढंच गणित.

रोजची नोंदवही ठेवा : तारीख, यंत्र, काम, सुपरवायझरची सही. सही मिळाली नाही तरी नोंद ठेवा. ट्रेडच्या अभ्यासक्रमात दिलेल्या कामांपैकी कोणती एकदाही दिली नाहीत त्यांची यादी करा आणि एचआरला लेखी द्या, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून. तरी फरक पडला नाही तर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे बीटीआरआयत जा; ते बहुधा जिल्ह्याच्या शासकीय आयटीआयच्या आवारातच असतं. करारातला वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपील करता येतं.

पहिले पंधरा दिवस झाडलोट आणि हत्यारं लावणं आलं तर त्यावरून मात्र तक्रार करू नका. कोणतं हत्यार कुठं असतं ते तिथंच कळतं.

वर्ष झाल्यावर पक्कं करतात का?

तसं बंधन नाही. भरतीचं धोरण आस्थापना स्वतः ठरवते. फायदा दुसरीकडे आहे : रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. पण त्यासाठी परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं. वर्ष संपल्यावर पोरगा दुसऱ्या कामाला लागतो, परीक्षेला येत नाही आणि सगळं वर्ष कागदावर शून्य होतं.

एवढी आयटीआय असून गावात मोटर बघायला माणूस का मिळत नाही?

शिकलेला पोरगा चाकणला जातो. गावात उरतो तो बघून बघून शिकलेला. त्याचा हात चांगला असतो, माप नसतं.

एक उदाहरण बघा. ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामासाठी मोटर जास्त अँपिअर ओढते आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले मोटर बंद करतो. रात्रीची लाइन, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं, म्हणून वायरचा तुकडा लावून रिले बायपास होतो. मग एक फेज जाते, मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते आणि सकाळी वाइंडिंग काळं. दोष मोटरला दिला जातो.

जाणकार माणूस आधी क्लँप मीटर लावून अँपिअर मोजतो. ५ एचपीची तीन फेज मोटर भरल्या भारावर साधारण ७ ते ७.५ अँपिअर घेते, १० एचपीची सुमारे १४. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरवर रिले त्याच आकड्यावर ठेवायचा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजच्या वाटेत बसवलेला असेल तर ०.५८ पट, म्हणजे १० एचपीला ८ च्या आसपास. इथं १४ ठेवला की रिले असून नसल्यासारखा. वाइंडिंग बदलल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) बॉडीला निदान १ मेगाओहम तरी दाखवला पाहिजे. वार्निश न सुकवता पावसाळ्यात मोटर जोडली तर तेवढाही दाखवत नाही.

सोलर पंपाचं दुखणं वेगळं. पॅनलकडून येणारा करंट डीसी. एसीचा साधा स्विच त्यावर लावला तर उघडताना ठिणगी विझत नाही आणि स्विच वितळतो. कनेक्टर पकडीनं कसाबसा दाबला की तिथं गरम होतं. अर्थिंग काळ्या मातीत घातलं असेल तर पावसाळ्यात उत्तम, पण उन्हाळ्यात जमीन तडकते आणि रॉडभोवती फट पडते. मग जूनच्या पहिल्या विजेला कंट्रोलर जातो. मे अखेरीस अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून मोजमाप घेणारा माणूस तालुक्याला दोन असले तरी पुष्कळ झालं.

आमची जिनिंग आहे, हंगाम चार-पाच महिन्यांचा. वर्षाचा अप्रेंटिस कसा ठेवायचा?

आधी नियम. ठेक्याची माणसं धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. ४० माणसांच्या जिनिंगला किमान एक.

राहिला हंगाम. खरं शिकणं जिनिंग बंद असतानाच होतं. डबल रोलर जिनचा लेदर रोलर झिजून बारीक झाला की उत्पादन पडतं. तो बदलणं, त्यावर खाचा पाडणं, फिक्स आणि मूव्हिंग नाइफची सेटिंग, बेअरिंग आणि पट्टे बघणं ही कामं उन्हाळा-पावसाळ्यात निघतात. उमेदवाराला मे-जूनमध्ये घ्या. तो आधी यंत्र खोलून बघेल आणि दिवाळीनंतर चालवेल. डिसेंबरमध्ये घेतलात तर गाठी मोजणारा हमाल तयार होईल. नाइफ आणि रोलरचा दाब चुकला तर सरकी फुटते आणि रुईत तुकडे येतात, दर तिथं पडतो. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. जुन्या फिटरलाही तिथं पाठवा.

वडील तीस वर्षं लोहारकाम करतात, कागद एकही नाही. काही होतं का?

होतं. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून १८ पारंपरिक धंद्यांसाठी आहे. लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, शिंपी त्यात येतात. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं. मोटर वाइंडिंग यात बसत नाही; तशा कारागिरानं 'पूर्वज्ञान मान्यता' म्हणजे आरपीएल करून घ्यावं, त्यात असलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देतात.

मुलीनं कोणता ट्रेड घ्यावा?

जो मुलानं घ्यावा तोच. ३० टक्के जागा मुलींना आहेत. कोपा आणि शिवणकामात गर्दी करण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स बघा. कंपनी ठरवताना एकच जास्तीचा प्रश्न विचारा : दुसरी पाळी सुटल्यावर बस गावच्या फाट्यापर्यंत सोडते का, की एमआयडीसीच्या गेटपर्यंतच?

आयटीआयनंतर डिप्लोमा करता येतो का?

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. गणित जड जातं. पहिल्या सत्रात नापास होणारे बहुतेक जण तिथंच अडकतात, म्हणून अप्रेंटिसच्या वर्षातच अकरावी-बारावीचं गणित काढा.

अप्रेंटिसशिप मधेच सोडली तर?

निरोप न देता गैरहजर राहू नका. पोर्टलवर करार चालूच दिसतो आणि दुसरी कंपनी नवा करार करू शकत नाही. लेखी कारण द्या, करार रद्द झाल्याचं पोर्टलवर बघा, मगच दुसरीकडे जा. पोराचा बाप आजारी पडला, वावर बघायला कोणी नाही, अशी कारणं एचआरला समजतात. न सांगता गेलेला पोरगा मात्र पुढच्या वर्षी त्याच आयटीआयच्या दुसऱ्या पोरांची वाट बंद करून ठेवतो. करारभंग एका बाजूनं झाला तर नुकसानभरपाईचं कलम करारात असतं, सही करण्याआधी तेवढं एक पान वाचून घ्या.